काळी गाडी आणि बोरिंगचं पाणी

(मराठी मंडळी ग्रुप, इंदूर. गुरुवार)

मंदार, बी-३०१: मंडळी, मेन ग्रुपवर विचारलं तर दहा जण हसतील, म्हणून इथे विचारतोय. गाडी दसऱ्याला घेतली, पूर्ण काळी. आज गेटपाशी उन्हात उभी होती, तर बॉनेटवर कोळ्याच्या जाळ्यासारखे गोल गोल ओरखडे! सहा महिनेही झाले नाहीत. पाडव्याच्या पूजेआधी वॅक्स करून घेतलं तर जातील का?

निखिल, सी-४०४: भिया, तेव्हाच म्हटलं होतं पांढरी घे.

मंदार: तू सनरूफवाली घे म्हटलं होतंस.

नाना, ए-१०२: वॅक्सनं जाणार नाहीत. थोडे दबतील, महिन्याभरात पुन्हा दिसतील. आधी सांग, रंगपंचमीला गाडी कुठे होती?

मंदार: इथेच, खाली. आम्ही राजवाड्याला गेर, म्हणजे रंगांची मिरवणूक, बघायला गेलो होतो, तेवढ्यात मुलांनी गाडीवर गुलाल उडवला. आल्या आल्या पिवळ्या कापडानं पुसून टाकला.

नाना: कोरडाच?

मंदार: हो. डाग पडू नये म्हणून.

नाना: मग झालं तर.

शुभदा काकू, ए-२०३: नाना, पोराला घाबरवू नका. पाडव्याच्या श्रीखंडाचे डबे कोणाकोणाला हवेत ते आज सांगा सगळ्यांनी, चक्का सांगून ठेवायचा आहे.

वर्षा ताई, सी-१०१: आमचे दोन. वेलची.

नाना: आमचा एक. मंदार, आता नीट ऐक. बोलून टाइप करतोय, चुका पोटात घाल. पिथमपूरला गाड्यांच्या कारखान्यात, पेंट शॉपमध्ये आम्ही पत्रा आधी फॉस्फेटच्या पाण्यात घालायचो, मग अख्खी बॉडी टाकीत बुडवून विजेनं प्रायमर बसवायचा, त्यावर आणखी एक थर, मग रंग आणि सगळ्यात वर क्लिअर कोट, म्हणजे पारदर्शक थर. हे सगळं मिळून १०० ते १४० मायक्रॉन. त्यात क्लिअर कोट ४०-५० चा. आपल्या डोक्यावरचा केस साधारण ७० मायक्रॉन जाड असतो, म्हणजे गाडीची सगळी चमक केसापेक्षा पातळ पापुद्र्यात आहे. तुझे ओरखडे त्या पापुद्र्यात आहेत, रंगाला काही झालेलं नाही.

निखिल: मग पांढऱ्या गाडीला पडत नाहीत का?

नाना: तेवढेच पडतात. ओरखड्याच्या कडेवरून उजेड फुटतो आणि पांढरी रेघ दिसते. पांढऱ्यावर पांढरी रेघ कोणाला दिसणार? आणि ते गोलही नसतात बरं का. ओरखडे सगळ्या दिशांना असतात, सूर्याच्या प्रतिबिंबाभोवती जे आडवे येतात तेवढेच चमकतात, म्हणून जाळं वाटतं. गाडी पाच फूट पुढे घे, जाळंही पुढे सरकेल.

मंदार: खरंच की! आत्ता खाली जाऊन बघून आलो.

वर्षा ताई: आमच्या ग्रे गाडीला तर पांढरे ठिपके पडलेत, पावसाच्या थेंबांसारखे. शॅम्पूनंही जात नाहीत. आणि यांनी तर कोटिंग करून घेतलंय. २५ हजार मोजले! दुकानवाला म्हणाला, आता तीन वर्षं बघायलाच नको.

नाना: कोटिंग करायच्या आधी त्यानं मशीननं पॉलिश केलं होतं का?

वर्षा ताई: सकाळी दिली, दुपारी परत आणली.

नाना: मग नसणार. आधीचे ओरखडे कोटिंगखाली बंद झाले. कोटिंग वाईट नसतं हो, पण खाली जे असेल तेच वर दिसतं. ठिपक्यांचा दोष मात्र त्या दुकानाचा नाही. ते आपल्या बोरिंगचे.

वर्षा ताई: म्हणजे?

नाना: माळव्यात खाली सगळा काळा पत्थर. त्यातून येणारं पाणी जड, कॅल्शियम-मॅग्नेशियमनं भरलेलं. गीझरच्या कॉइलवर जो पांढरा थर बसतो ना, तोच गाडीवर बसतो. आपल्याकडे सकाळी सात वाजता पार्किंगच्या नळानं गाड्या धुतात, अर्ध्या तासात ऊन आलं की थेंब तिथेच सुकतात. पाणी उडून जातं, क्षार राहतात. गडद पॅनेल पांढऱ्यापेक्षा जास्त तापतं, त्यामुळे आणखी लवकर सुकतात.

वर्षा ताई: उपाय?

नाना: पांढरा व्हिनेगर आणि पाणी निम्मं निम्मं. सावलीत, पॅनेल गार असताना कापडानं ओलं करून दोन मिनिटं थांबा, मग भरपूर पाण्यानं धुवा आणि लगेच पुसून कोरडं करा. ताजे डाग निघतील. जुने खोल गेले असतील तर पॉलिशशिवाय नाही.

निखिल: नाना, मग आरओचं वाया जाणारं पाणी वापरलं तर? रोज बादलीभर निघतं.

नाना: उलटं होईल! आरओ गोडं पाणी तुला देतो आणि सगळे क्षार त्या वाया जाणाऱ्या पाण्यात ढकलतो. ते बोरिंगपेक्षाही जड. एसीचं पाणी चालेल, ते हवेतलं असतं, त्यात क्षार जवळजवळ नसतात. गाळून घे. पण आपल्या कोरड्या उन्हाळ्यात ते लोटाभर पडलं तरी नशीब.

मंदार: मग नर्मदेचं?

शुभदा काकू: एक मिनिट. नळ एक दिवसाआड येतात आणि प्यायच्या पाण्यानं तुम्ही गाडी धुणार? १९७८ ला नर्मदा इंदुरात आली त्याआधी आम्ही हंडे घेऊन कुठे कुठे गेलोय ते तुम्हाला नाही माहीत.

नाना: काकूंचं बरोबर आहे. धुणं बोरिंगनंच. शेवटचा हात तेवढा नर्मदेच्या अर्ध्या बादलीनं, आणि सुकायच्या आत पुसायचं. पुसलं तर बोरिंगचं पाणीही डाग सोडत नाही. खरा कळीचा भाग पुसण्याचा आहे.

शुभदा काकू: अर्धी बादली चालेल. पाइप नको.

मंदार: पण नाना, मी गाडी धूतच नाही. तो मुलगा धुतो.

नाना: तेच सांगतोय. तो रोज चौदा गाड्या पुसतो, एका बादलीत आणि एका पोछ्यानं. पहिल्या गाडीची वाळू चौदाव्या गाडीला लागते. तुझी कितवी?

मंदार: शेवटची बहुतेक. मी उशिरा निघतो.

निखिल: 😂😂

नाना: हसू नकोस, तुझी तेरावी. त्याला रागवायचं नाही. महिन्याला आपण जे देतो त्यात तो अजून काय करणार? त्याला दुसरी बादली द्या. एकीत शॅम्पूचं पाणी, दुसरीत साधं. हातमोजा गाडीवर फिरवला की आधी साध्या पाण्यात खळबळायचा, मगच शॅम्पूत. आणि प्रत्येकानं आपलं मायक्रोफायबर स्वतःचं ठेवा. भांडी घासायचा साबण नको, तो वॅक्स काढून नेतो. पिसांच्या झाडूनं कोरडी धूळ झटकणंही बंद. धूळ म्हणजे बारीक वाळूच. गुलाल काय, परागकण काय, आधी नुसतं पाणी सोडायचं, मग हात लावायचा.

मंदार: बरं, आणि माझे ओरखडे? लोहामंडीकडे एक जण रबिंग करून देतो म्हणाला, तासाभरात आरसा करीन.

नाना: करेल. तो क्लिअर कोट खरवडूनच आरसा करतो. दर रबिंगला काही मायक्रॉन जातात, आणि ४०-५० मध्ये असं कितीदा करणार? जोरात चालवलेल्या लोकरीच्या चाकानं उन्हात ढगांसारखे पट्टे दिसतात ते वेगळंच, काळ्यावर तर फारच. बारीक पॉलिश, फोमचा पॅड, हळू मशीन, असं करणारा असेल तर वर्षा-दोन वर्षांतून एकदा. पाडव्याच्या घाईत नाही. तोवर मेण लाव, शनिवारी सकाळी मी येतो खाली.

वर्षा ताई: पॉलिश आणि मेण एकच ना?

नाना: नाही हो. पॉलिश काहीतरी काढतं, मेण काहीतरी वर ठेवतं. चांगलं कार्नाउबा मेण ब्राझीलमधल्या एका ताडाच्या पानांवरून झाडून काढतात. उन्हात पानाचं पाणी उडू नये म्हणून झाडानं स्वतःवर चढवलेला लेप तो. ८० अंशांच्या वर वितळतो. औषधाच्या गोळ्यांवरची चकाकीही पुष्कळदा त्याचीच. पण डब्यातल्या मेणात बाकी तेलं-बिलं असतात, त्यामुळे आपल्या मे महिन्यात सहा-आठ आठवडे टिकलं तरी पुष्कळ.

(शनिवार)

मंदार: नाना, गाडी सकाळीच धुऊन बेसमेंटमध्ये घेतली. बॉनेटला उलटा हात लावून बघितलं, गार आहे. आता?

नाना: प्लास्टिकची पिशवी हातात घाल आणि बॉनेटवरून हळू फिरव.

मंदार: बापरे. सांडगे वाळत घातल्यासारखं लागतंय! नुसत्या हाताला तर गुळगुळीत होतं.

नाना: ती चिकटलेली घाण क्ले बारनं, म्हणजे चिकणमातीसारख्या मऊ वडीनं काढायची. शॅम्पूचं पाणी फवार, बारीक तुकडा अगदी हलका सरकव. जमिनीवर पडला तर सरळ कचऱ्यात, धुऊन वापरायचा नाही. तोवर मी चहा घेऊन खाली येतो.

निखिल: मीही येतो. पोहे-जलेबी आणू?

नाना: आण, पण त्या हातानं गाडीला हात लावू नकोस. मेण लावताना पोळीला तूप लावतो तसं, निम्म्या चमच्यात अख्खी पोळी. जास्त लावलं की जास्त चमकतं हा गैरसमज, नुसतं पुसायला त्रास होतो. एका वेळी एकच पॅनेल. धुरकट दिसलं की बोट फिरवून बघ, स्वच्छ रेघ उमटली तर पूस. काळ्या प्लास्टिकवर आधी चिकटपट्टी लाव, नाहीतर तिथे पांढरं बसेल आणि मग पुढचा आठवडा टूथब्रश घेऊन बसशील.

वर्षा ताई: आमच्या मागच्या दाराला ठोकर लागून मागच्याच आठवड्यात नवीन रंग मारलाय. त्यालाही लावू?

नाना: त्याला आत्ता नाही. कारखान्यात रंग १४० अंशांच्या भट्टीत भाजला जातो, तेव्हा गाडीत ना रबर असतं ना सीट. गॅरेजवाला एवढं तापवू शकत नाही, त्याच्या रंगातलं थिनर उडायला वेळ लागतो. निदान महिनाभर त्याला मोकळा श्वास घेऊ द्या.

मंदार (११:४०): झालं!! नाना, खांब दिसतोय गाडीत. पाणी टाकलं तर मोत्यासारखं गोळा होऊन घरंगळतं. फोटो टाकतो.

शुभदा काकू: छान दिसतेय रे. पाणी किती लागलं?

मंदार: बोरिंगच्या दोन बादल्या, नर्मदेची अर्धी. शपथ.

निखिल: पोछेवाल्याला दुसरी बादली दिली मी. तो म्हणतो, साहेब, मग आधी कोणाची गाडी पुसू?

नाना: रोज क्रम उलटा करायचा, म्हणावं.

मंदार (१२:२५): नाना, गाडी गेटपाशी पिंपळाखाली पाच मिनिटं लावली. कावळा.

नाना: हात लावू नकोस. ओलं कापड त्यावर पाच मिनिटं ठेव, मऊ झालं की उचल, घासू नकोस. आणि ऊन आहे, सुकायच्या आत.

मंदार: धावतोय.