डिझाइनच्या पोरांना खिळे जुळवायला लावावेत का?

केसवाली बाई: मी कोल्हापुरात डिझाइन शिकवते. परवा दुसऱ्या वर्षाची पोरं घेऊन एका जुन्या प्रेसमध्ये गेले. एकाला खिळे, म्हणजे छपाईची धातूची सुटी अक्षरं, लावून नुसतं ‘श्री अंबाबाई प्रसन्न’ जुळवायला पाऊण तास लागला, उलटी अक्षरं, वर अनुस्वाराची कसरत. छापून आलं तर शिरोरेषा मधेच तुटलेली, दोन खिळे नीट भिडलेच नव्हते. मी काही बोलायच्या आत पोरगा परत केसकडे, खिळ्यांच्या घराघरांच्या पेटीकडे, गेला! कॉम्प्युटरवर एवढ्या बारीक फटीसाठी कोण उठतंय? माझं म्हणणं, सेमिस्टरमधले सहा आठवडे यालाच द्यावेत.

कंपोझिटरचा मुलगा: मॅडम, माझ्या वडिलांनी आयुष्यभर खिळे जुळवले. डोळे गेले, नखं कायम काळी. डीटीपी, म्हणजे कॉम्प्युटरवरची जुळणी, आलं तसे मालकानं खिळे किलोवर भंगारात घातले आणि बाबांना घरी बसवलं. त्या कामात एवढं गोड काय दिसतंय तुम्हाला? फी भरून आलेल्या पोरांना देवनागरी फॉन्ट करायला शिकवा. मुक्ता, बलू असे मोफत फॉन्ट मुंबईच्या ‘एक टाइप’ नावाच्या फॉन्टवाल्यांनी केलेच की.

केसवाली बाई: बाबांचं वाचून वाईट वाटलं दादा. पण फॉन्ट करायचा म्हणूनच तर हे हवंय. ओळींमध्ये शिशाच्या, म्हणजे लेडच्या, पट्ट्या घालायचे म्हणून ओळींमधल्या अंतराला सॉफ्टवेअरमध्ये आजही ‘लेडिंग’ म्हणतात, पोरं नुसता आकडा बदलतात. जावजी दादाजींनी १८६९ला मुंबईत निर्णयसागर छापखाना काढला, तिथल्या अक्षराचं वळण अजून डोळ्यांत भरतं, आणि ते सगळं धातूतच घडलेलं.

उद्यमनगरकर: ट्रेडल, म्हणजे पायानं चालवायचं छपाईचं मशीन, बिघडलं तर आपल्या उद्यमनगरातल्या कारखान्यांत पार्ट करून मिळंल, त्याचं टेन्शन नाही. पण खिळ्यात शिसं असतंय, पोरं तसल्याच हातानं वडापाव खाणार. साबणानं हात धुतल्याशिवाय कुणाला बाहेर सोडू नका. आणि शिकवणार कोण? तुम्हाला स्वतःला येतंय का?

केसवाली बाई: नाही येत. केसमधला कुठला खिळा कुठल्या घरात, हे न बघता हात जाणारा माणूस पाहिजे.

कंपोझिटरचा मुलगा: बाबांचा हात अजून जातो, दिसत नसलं तरी. विचारतो त्यांना. पण शाल-नारळ देऊन फोटो काढायला बोलवणार असाल तर नको, तासाचे पैसे द्या, बाकीच्या सरांना देता तेवढेच. आणि सहा आठवडे नाही, दोन. ते माझं मत अजून तेच आहे.