मदत हवी आहे: घरी केलेली लॅप स्टील वर गेलं की बेसूर होते

खटपट्या
तीन रविवार घालवले, आता डोकं फिरलंय. गावचा वाडा पाडला तेव्हा सागाची एक चौकट मागून आणली होती, तिची लॅप स्टील गिटार (मांडीवर आडवी ठेवून वाजवतात ती) केली. आवाज झकास आहे. पण वाजवायला घेतली की बेसूर! मोकळ्या तारा ट्यूनरवर एकदम हिरव्या, आणि वर सरकलं की गाणं ओळखू येत नाही. तारा दोनदा बदलल्या. पुढच्या शनिवारी बहिणीच्या डोहाळजेवणात वाजवतो म्हणून सांगून बसलोय. लवकर सांगा. "विकत घे" म्हणणाऱ्यांनी कृपया पुढच्या धाग्यावर जावे.

कानसेन
ट्यूनिंग कुठलं? बेसूर म्हणजे चढतं की उतरतं? सगळ्या तारांवर की एखाद्याच? काहीच लिहिलेलं नाही, आम्ही काय कुंडली मांडायची?

जुनेजाणते
फ्रेट्स (दांडीवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्या) उंचसखल असणार, दुसरं काही नाही. सपाट काचेच्या पट्टीला पॉलिशपेपर चिकटवून सगळे फ्रेट्स एका पातळीत घासून घ्या. माझ्या गिटारचं १९८८ साली असंच झालं होतं.

खटपट्या
जुनेजाणते काका, फ्रेट्स नाहीतच. ही मांडीवर आडवी ठेवतात आणि तारांवरून लोखंडी बार फिरवतात. खाली नुसत्या रेघा. तारा लाकडापासून चांगल्या १ सेंटिमीटर वर आहेत. कानसेन, ट्यूनिंग नेहमीचंच.

कानसेन
नेहमीचं कुणाचं? तुमचं की माझं?

खटपट्या
ओपन डी. डी ए डी एफ शार्प ए डी. सॉरी. उतरतं. सगळ्याच तारांवर.

ओहममीटर
घूंऽऽ असा आवाज येत असेल तर घोडीपासून (खालच्या टोकाला तारा टेकतात ती) जॅकच्या (केबल खुपसतो ते भोक) अर्थिंगपर्यंत वायर टाकली आहे का बघ. जॅकच्या धातूला हात लावल्यावर घूं थांबला आणि तारांना लावून थांबला नाही, तर समज तीच राहिली आहे. नव्वद टक्के लोक हीच विसरतात.

खटपट्या
घूं येत नाही हो. वायर टाकलीये.

ओहममीटर
बरं. पण नंतर आला तर लक्षात असू दे.

सुतारपक्षी
वाड्याची चौकट म्हणजे साग जुना असला तरी बाहेर पावसात पडून होता का? ओलं लाकूड तारांच्या ताणाने वाकतं. सहा तारांचा मिळून चाळीस-पन्नास किलो ताण कुठे गेला नाही. लाकडाचा नाद सोड आणि अॅल्युमिनियमचा चॅनल घे. बाजारात आलेली पहिली इलेक्ट्रिक गिटार, रिकनबॅकरची १९३२ सालची 'फ्राइंग पॅन', लॅप स्टीलच होती आणि अॅल्युमिनियमचीच होती.

कानसेन
हो, आणि स्टेजवरच्या दिव्यांनी तापली की तिचे सूर हलायचे, तेही सांगा ना. शिवाय लाकूड वाकलं असतं तर मोकळ्या ताराही उतरल्या असत्या. तो म्हणतोय त्या बरोबर आहेत.

मिरजकर
रेघा मारायच्याच कशाला? आमच्याकडे सतारीचे पडदे दोऱ्याने बांधतात, कानाने ऐकून सरकवतात. तुम्हीही जाड दोरे बांधा, सुरावर सरकवा, झालं काम. नाहीतर एकदा मिरजेला सतारमेकर गल्लीत येऊन बसा. २०२४ साली मिरजेच्या सतारीला जीआय (भौगोलिक मानांकन) मिळालं ते उगाच नाही. तुणीचं लाकूड आणि भोपळा, बाकी सगळं ओंडके.

सुतारपक्षी
लॅप स्टीलला भोपळा लावू का मग? पिकअप (तारांचा आवाज पकडून अँपला देणारी कॉइल) आहे त्याला!

जुनेजाणते
वाद नको. ब्रिजभूषण काब्रांनी गिटार मांडीवर घेऊन राग वाजवले, विश्वमोहन भट्टांना १९९४ साली ग्रॅमी मिळालं. त्यांची मोहनवीणाही मुळात गिटारच.

मिरजकर
मोहनवीणा हे नाव आधी सरोदिये राधिकामोहन मैत्र यांच्या वाद्याला होतं.

जुनेजाणते
मी कुठे नाही म्हणालो? वेगळा धागा काढा.

रागिणी७
खटपट्या, दोन गोष्टी करून बघ.
टेप घे. वरच्या नटच्या (खुंट्यांकडच्या टोकाला तारा टेकतात ती पट्टी) कडेपासून घोडीवर तार टेकते त्या जागेपर्यंत किती? आणि नटपासून बाराव्या रेघेपर्यंत किती? मग तारेच्या बरोब्बर मधोमध बोट नुसतं टेकवून छेड. घंटीसारखा आवाज निघतो ती खरी बारावी जागा. तिथेच तुझी रेघ आहे का ते सांग.

खटपट्या
नट ते घोडी ५७ सेंटिमीटर. बारावी रेघ २७.४ वर. घंटी रेघेच्या पुढे वाजते, घोडीकडे. साधारण बोटभर.

रागिणी७
बारावी निम्म्यावर, म्हणजे २८.५ वर हवी. तुझी १.१ सेंटिमीटर आधीच आलीये. त्या रेघेवर बार ठेवलास तर वरचा सा लागत नाही, नी आणि सा यांच्या मधलं कायतरी लागतं. पाचवीवरचा म थोडाच उतरलेला, म्हणून खाली चालून गेलं आणि वर गेल्यावर सगळं पडलं. रेघा कशा काढल्यास?

खटपट्या
मापून नाही काढल्या. ५७ चं टेम्प्लेट (रेघांचं तयार चित्र) मिळालं, झेरॉक्सवाल्याकडून ए-फोर कागदांवर प्रिंट काढून घेतलं आणि जोडून चिकटवलं. म्हणून तर माप चुकायची शक्यताच नाही असं धरून चाललो होतो.

कानसेन
२७.४ भागिले २८.५ म्हणजे साधारण ९६ टक्के. 'फिट टू पेज' चालू होतं, त्याने कागदात बसवायला आख्खी गिटार चार टक्क्यांनी आकसवली. चित्र बारीक झालं, तारा तेवढ्याच राहिल्या. हे पहिल्या पोस्टमध्ये लिहिलं असतं तर फ्रेट घासायची वेळ आली नसती.

जुनेजाणते
मी सर्वसाधारण सांगितलं होतं.

रागिणी७
प्रिंटवर जाऊच नकोस. पट्टीने काढ. ५७ ला १७.८१७ ने (रेघांसाठी हा ठरलेला आकडा आहे) भागलं की ३.२, ही पहिली रेघ. उरलेली लांबी परत १७.८१७ ने भागायची, येईल तेवढं पहिल्या रेघेपासून पुढे मोजायचं, ती दुसरी. असंच बारापर्यंत. बारावी २८.५ वर आली तर हिशेब बरोबर. आणि बार रेघेच्या मागे नाही, रेघेच्या डोक्यावर ठेवायचा.

मिरजकर
दोरे बांधले असते तर आता नुसते सरकवायचे होते.

खटपट्या
मिरजकर, तुमचं पटतंय, पण उशीर झाला 😭 मोजून पाहिलं, पहिली रेघ ३.१ च्या आतच आहे. पण तो कागद मी फेविकॉलने चिकटवलाय आणि वर लॅकरचे दोन हात. नख लावलं तर कोपऱ्यातून पातळ साल निघतेय, तिलाही लाकडाचे तंतू चिकटून येतात. काय करू, ओलं फडकं ठेवू का?

सुतारपक्षी
लॅकरमधून पाणी आत जाणार नाही. हीट गन मंद ठेव, पातळ पट्टीने उचल.

ओहममीटर
पिकअपजवळ हीट गन नेऊ नको!! कॉइलचं मेण वितळेल.

सुतारपक्षी
पिकअप काढूनच करणार ना तो? नाही?

खटपट्या
...पिकअप पण चिकटवलाय.