क्रूझ – चौघांच्या केबिन मिळेनात, शुक्रवारपर्यंत ठरवायचंय

अजित:
मंडळी, आबांच्या पंचाहत्तरीची क्रूझ: सिंगापूर–पेनांग–फुकेत, ऑक्टोबरात. कोल्हापूरहून २६ आणि आम्ही इथले चौघं. एजंट चौघांच्या केबिन घ्या म्हणत होता, तिसऱ्या-चौथ्या माणसाचं भाडं कमी पडतं. परवा सात मिळत होत्या, आज म्हणतो तीनच, दोघांच्या मात्र हव्या तेवढ्या. जहाज मोकळं असताना चौघांच्याच कशा संपतात? कोल्हापुरातून, शाहूपुरीच्या घरून रोज दोनदा फोन येतोय. कुणाला माहीत असेल तर सांगा.

मेधा:
अजित, एजंट खरं सांगतोय. जहाजाचा प्रत्येक भाग एकेका मस्टर स्टेशनला जोडलेला असतो, म्हणजे धोक्याच्या वेळी जमायच्या जागेला. तिथल्या लाइफबोटींत मावतील तेवढीच माणसं त्या भागात घेतात. तो आकडा भरला की केबिनमध्ये वरचा पलंग असला तरी तो विकत नाहीत. जहाजाच्या दुसऱ्या टोकाला चौघांची आहे का, ते विचारायला लाव.
पण मुळात एवढ्या चौघांच्या हव्यात कशाला? वरचे दोन पलंग भिंतीतून नाहीतर छतातून खाली येतात, शिडीने चढायचं. थोरल्या काकूंच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालंय. रात्री उठताना शिडीशी धडपड, आणि बाथरूम चौघांत एक. वडीलधाऱ्यांना दोघांच्याच घे, शेजारी आतून दार असलेल्या केबिनमध्ये पोरं. शिवाय आठ केबिन, सोळा माणसं झाली की बऱ्याच कंपन्या ग्रुपचा दर देतात. तो मागितलास का?

वहिनी (सहल समिती):
गेल्या सहलीनंतर ठरलं होतं की ग्रुपचा दर समितीमार्फतच मागायचा. एकाच जहाजासाठी तिघांनी वेगवेगळे एजंट धरले की कुणालाच सवलत मिळत नाही. अजित, मला आधी फोन करायला हवा होतास.

बापू (सध्या कोल्हापुरात, राजारामपुरीत):
केबिनचं नंतर बघा. तुमच्या तारखा नवरात्रात येतात. घरात घट बसलेले असताना काकू उंबरा ओलांडणार नाहीत. ललिता पंचमीला अंबाबाईची पालखी टेंबलाई देवीच्या टेकडीवर जाते, आबा ती चुकवत नाहीत हे सगळ्या गल्लीला माहीत आहे. मी कालच घरी जाऊन आलो. तुला फोनवर कुणी बोललं नसेल, पण दोघंही तेवढ्यासाठीच गप्प आहेत. दिवाळीनंतर ने.

सुहास:
बापू, दिवाळीनंतर समुद्र खवळलेला नसतो का?

मेधा:
त्या वेळी ईशान्येचा वारा दक्षिण चिनी समुद्रात त्रास देतो. पेनांग-फुकेत मलाक्काच्या सामुद्रधुनीतून, तिथे सुमात्रा आणि मलेशियाचा आडोसा असतो. फुकेतकडचा समुद्र नैर्ऋत्य मोसमात, म्हणजे आपल्या पावसाळ्यातच जास्त खवळतो. दिवाळीनंतर उलट चांगलं.

सुहास:
मग ठीक. जेवणाचं सांगतो: जैन जेवण आधी कळवलं तर बहुतेक जहाजांवर मिळतं. घरून केलेलं काही चढू देत नाहीत, कांदा-लसूण चटणीसुद्धा दुकानातली, सीलबंद न्या. रात्रीच्या जेवणाला सगळी बुकिंग एकमेकांना जोडून घ्या, नाहीतर आबा एका टेबलावर आणि नातवंडं भलतीकडे.

किरण:
पासपोर्टांची मुदत प्रवासानंतर सहा महिने तरी हवी, आत्ताच सगळ्यांचे बघून घ्या. ज्यांचे संपत आलेत त्यांनी कोल्हापूरच्या पासपोर्ट केंद्राची वेळ लगेच घ्यावी. मलेशियाला भारतीयांना डिसेंबर २०२३ पासून व्हिसा लागत नाही, सिंगापूरला लागतो. जहाज फिरून परत सिंगापुरातच येतं, त्यामुळे तो एकापेक्षा जास्त प्रवेशांचा आहे ना, हे बघा.

वहिनी (सहल समिती):
बापूंचं बरोबर. अजित, नव्या तारखा दे, ग्रुपचा दर मी मागते. तोवर अनामत भरू नकोस.

अजित:
दिवाळीनंतरचा पहिला आठवडा. दोघांच्या अकरा, चौघांच्या दोन, त्या फक्त कॉलेजातल्या पोरांना. वहिनी, यादी रात्री पाठवतो. बापू, आबांना आज तुम्हीच सांगाल का? माझ्याकडून ऐकलं तर ते "तुमच्या सोयीनं करा" एवढंच म्हणतील.