बोर्डीला कॅराव्हॅन, सोबत लॅब्रॅडॉर: तारीख कोणती धरावी?

गंगापूररोडकर:
फेब्रुवारीत तीन रात्री डहाणूजवळच्या बोर्डीला, समुद्रकिनारी मुक्काम करायचा आहे. गाडी भाड्याची, टेम्पो ट्रॅव्हलरवर बांधलेली: 12 व्होल्ट 200 एएच (अँपिअर-तास) लिथियम बॅटरी, एक टनाचा इन्व्हर्टर एसी, 100 लिटरची पाण्याची टाकी. सोबत चार वर्षांची, 30 किलोची लॅब्रॅडॉर. कुठे धावपळ करायची नाही, पडून राहायचंय. एसी रात्रभर चालेल का? नाशिकहून रस्ता कसारा की जव्हार? तारीख अजून ठरलेली नाही, कुठलाही आठवडा चालेल.

सुरूचं बन:
तारीख ठरली नाही हे बरं झालं. शनिवार-रविवार नंतर बघा, आधी पंचांग काढा. कोळ्यांचा हिशेब सोपा आहे: तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ. द्वितीयेला दीड, चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा. दिवसा एकदा, रात्री एकदा. त्यापुढे साधारण सहा तासांनी ओहोटी. अर्धा-पाऊण तास इकडे-तिकडे होतो, म्हणून पक्की वेळ त्या दिवशीच्या भरतीच्या तक्त्यातून घ्या.

आता कुत्रीच्या बाजूने बघा. अष्टमीला पाणी भरणार सकाळी सहा आणि संध्याकाळी सहाला, म्हणजे नेमक्या थंड वेळी किनारा अरुंद. मोकळी वाळू मिळणार भर दुपारी, पंजे भाजत असताना. पौर्णिमा किंवा अमावास्येपासून तृतीयेपर्यंत उलट: सकाळ-संध्याकाळ सहा ते आठच्या सुमारास ओहोटी आणि ओली, घट्ट वाळू. फक्त ते उधाणाचे दिवस असतात. बोर्डीचा किनारा सपाट, पाणी खूप आत जातं आणि परतताना तितकंच भराभर येतं. पाणी वळलं की तुम्हीही वळा. अगदी आत चिखल आहे, तिथे नेऊ नका. आणि गाडी वाळूत उतरवायची नाही, ‘फक्त फोटोपुरती’सुद्धा नाही.

सातपूर वायरमन:
एसी रात्रभर? नाही. 200 एएच म्हणजे अडीच युनिट. इन्व्हर्टरचा घाटा आणि तळाची राखीव सोडली तर हातात दोन. एसी सरासरी 700 वॅट खाईल, म्हणजे तीन तासांत खेळ संपला. छताचा पंखा 30-40 वॅटचा, तो रात्रभर चालवूनही बॅटरी उरेल. फेब्रुवारीच्या रात्री पंखा आणि जाळी पुरे.

दुपारसाठी गाडी नीट लावा, तिथेच अर्धं काम होतं. समुद्र पश्चिमेला आहे. गाडीचं तोंड दक्षिणेकडे करा, म्हणजे डावीकडचं दार आणि चांदवा (दारावरचं कापडी छत) पूर्वेला येतात. बारानंतर गाडीचीच सावली दाराशी पडते, आणि दुपारचा समुद्रवारा चांदव्याखाली शिरून तो उलटवत नाही. नारळाखाली लावू नका, कारण सांगायला नको.

रिसॉर्टची वीज घेणार असाल तर 15 अँपिअरचं सॉकेट, तीन तारांची अडीच स्क्वेअर एमएमची केबल. रीळ पूर्ण उलगडा. गुंडाळलेली केबल एसीच्या भाराखाली तापून वितळते. जोडल्यावर टेस्टर गाडीच्या पत्र्याला लावा. दिवा लागला तर अर्थिंग नाही, लगेच काढा. तुमच्या पायात चप्पल असते, कुत्रीचे पंजे ओले आणि अनवाणी. लोखंडी पायरीवर पाय ठेवायला ती अचानक बिचकायला लागली तर लाड समजू नका, टेस्टर काढा.

गंगापूररोडकर:
मग पौर्णिमेनंतरचे तीन दिवस धरतो. पाणी तिथेच भरलं तर चालेल ना?

घाटमाथा:
भांडी आणि संडासापुरतं चालेल. किनाऱ्यालगतच्या बोअरचं पाणी बऱ्याचदा मचूळ असतं. पिण्याचं नाशिकहूनच कॅनमधून न्या: कुत्रीला दिवसाला दोन लिटर, आणि समुद्रातून आल्यावर पोट-पंजे धुवायला फेरीला पाच लिटर. मचूळ पाण्याने धुतलं तर मीठ कातडीवरच राहतं आणि रात्रभर खाजवत बसते. बोटांमधली आणि कानामागची जागा कोरडी पुसा.

रस्ता त्र्यंबक, मोखाडा, जव्हार, कासा, चारोटी, डहाणू. तोरंगण घाटात वळणं आहेत, दुसऱ्या गिअरवर उतरा, ब्रेकवर नाही. तिला निघण्याआधी चार तास खायला देऊ नका, पाणी थोडं-थोडं चालेल. मोकळी सोडू नका. छातीचा पट्टा घालून सीटच्या बेल्टला अडकवा. आणि अर्धी भरलेली टाकी घाटात हिंदकळते, रिकामीच ठेवा.

पंजे आणि शेपटी:
दोन गोष्टी राहिल्या. टेनिसचा चेंडू समुद्रात फेकू नका. प्रत्येक वेळी आणताना ती खारं पाणी आणि चेंडूला चिकटलेली वाळू गिळते; संध्याकाळी उलट्या-जुलाब. रबरी रिंग घ्या, आणि दर पंधरा मिनिटांनी बाहेर काढून गोडं पाणी पाजा.

दुसरं, जाळ्यातून टाकलेला केंड मासा. फुगलेला, पांढऱ्या पोटाचा, वाळून पडलेला असला तरी विषारी, आणि विषावर उतारा नाही. लॅब दिसेल ते तोंडात घालते, म्हणून ओहोटीच्या कचऱ्याच्या रेषेवर पट्टा धरूनच चाला. लाळ गळायला लागली, मागचे पाय लटपटले तर वाट बघू नका. डहाणूतल्या पशुवैद्यकाचा नंबर नाशिकहून निघण्याआधीच मिळवून ठेवा. रेबीज आणि लेप्टोच्या लशींची नोंदवही गाडीत, गोचिडाची गोळी निघण्याच्या दोन दिवस आधी.