मदत हवी आहे: स्कोडा ऑक्टाव्हिया आरएस २४५ गाडी, नवे अलॉय आणि फेंडरची फट

मंडळी, मूळ अलॉय चाकं १८ बाय ७.५ इंच, ऑफसेट (चाकाच्या मध्यरेषेपासून हबला टेकणाऱ्या बाजूपर्यंतचं अंतर) ५१ मिमी. आता १८ बाय ८.५, ऑफसेट ४५. टायर तेच, २२५/४०. व्यास बदलला नाही, म्हणजे टायर आणि फेंडर (चाकावरचा पत्रा) यांतली फट आहे तेवढीच. पण चाक बाहेर सुमारे १९ मिमी सरकलंय, त्यामुळे ती डोळ्यांत खुपते. हबच्या (चाक जिथे बसतं तो भाग) मध्यापासून फेंडरच्या कडेपर्यंत पुढे ३८० मिमी भरतात.

गाडी २५ मिमी खाली आणणाऱ्या लोअरिंग स्प्रिंग पुरतील, की कॉइलओव्हरच (उंची कमीजास्त करता येणारे स्प्रिंग-शॉकचे संच) बरे? मूळ शॉक ठेवले तर बंप स्टॉप (शॉक पूर्ण दबू नये म्हणून असलेला रबरी अडसर) किती कापावा? मागचा कॅम्बर (चाकाचा आत-बाहेरचा कल) एक्सेंट्रिक बोल्ट फिरवून जुळतो, पुढे तशी सोय नाही. मागे तिघं बसली की टायर कडेला घासणार, ही खरी धास्ती. (स्पेसर, म्हणजे चाक आणखी बाहेर ढकलणाऱ्या चकत्या, कृपया सुचवू नका, चाक आधीच बाहेर आहे.)

म्हापसा-पर्वरीकडे हीट गन लावून, रंग न तडकवता फेंडर रोल करून (आतली कड वळवून) देणारं कोणी? गावातल्या गतिरोधकांवर २५ मिमी खाली उतरवलेली गाडी पोट घासते का, तेही सांगा.