दिवाळीत सिंगापूर, पण कुठल्या विमानाने? (कुडाळच्या सोसायटी ग्रुपवरून)

वहिनी, १०२: दिवाळीच्या सुट्टीत सिंगापूरला जायचं आपल्या सगळ्यांचं ठरलंय. एजंटाने आज चार पर्याय पाठवलेत. सगळ्यात स्वस्त चेन्नईहून स्कूट. मग कोलंबोत थांबून श्रीलंकन एअरलाइन्स, मग मुंबईहून इंडिगो, आणि सगळ्यात महाग सिंगापूर एअरलाइन्स. उद्या संध्याकाळपर्यंत त्याला कळवायचंय. बोला सगळे.

दादा, ३०१: स्कूट. माणशी पाच-सहा हजार वाचतात आणि आम्ही घरातले पाच जण आहोत. वाचलेल्या पैशात मुलांचं युनिव्हर्सल स्टुडिओ होईल.

बापू, २०४: स्कूट सिंगापूर एअरलाइन्सचीच ना? मग प्रश्नच नाही.

ताई, ३०४: बापू, कंपनी त्यांचीच, पण तिकिटात काय मिळतं ते वेगळं. सिंगापूर एअरलाइन्सच्या इकॉनॉमीत चेक-इनचं सामान आणि जेवण भाड्यातच असतं. स्कूटच्या साध्या भाड्यात ते नसतं. बॅगेचे वेगळे, जेवणाचे वेगळे, सीट निवडायचे वेगळे. दादा, एजंटाचा आकडा बॅगेसकट आहे का, हे आधी विचारा.

आणि चेन्नईला पोचायचं कसं? गोव्याच्या मोपा विमानतळाहून चेन्नईचं तिकीट वेगळं काढावं लागेल. देशातल्या विमानात बहुतेक कंपन्या १५ किलोच नेऊ देतात. म्हणजे पुढे २५ किलो विकत घेतले तरी मोपाच्या काउंटरवर वरच्या दहा किलोंचे पैसे पडणारच.

दादा, ३०१: ते धरलं नव्हतं. तरी थोडं स्वस्तच पडेल.

ताई, ३०४: पैशांचं सोडा क्षणभर. दोन वेगळी तिकिटं म्हणजे दोन वेगळे करार. मोपाचं विमान तीन तास उशिरा सुटलं आणि पुढचं चुकलं, तर पुढच्या कंपनीचा त्याच्याशी काही संबंध नाही. तिच्या लेखी तुम्ही आलाच नाहीत. सगळी तिकिटं नव्याने काढायची, ती पण दिवाळीच्या गर्दीतल्या भावाने. मध्ये बॅगा उतरवून घ्यायच्या, पुन्हा रांगेत उभं राहून द्यायच्या, तेही वेगळंच. अख्खा प्रवास एका पीएनआरवर, म्हणजे एकाच बुकिंग नंबरवर असेल, तर पहिल्या विमानाच्या उशिराने पुढचं चुकल्यावर पुढच्या विमानात बसवून देणं कंपनीचं काम. आबा बरोबर आहेत, लहान मुलं आहेत. माझ्या मते ही एकच गोष्ट पाच हजारांहून मोठी आहे.

आबा, २०१: माका कसला पण विमान चलात. फक्त गुडघो दुमडून बसाक सांगू नकात. आणि खिडकी नको, रात्री दोनदा उठाचा लागता.

ताई, ३०४: आबा, तुमका पॅसेजची सीट आताच पैसे भरून घेऊया, पुढच्या रांगांमधली. चेक-इनच्या वेळी मागितली तर मिळेलच असं नाही. व्हीलचेअरपण बुकिंगबरोबरच सांगायची, निदान ४८ तास आधी. मुंबईच्या टी-२ ला, म्हणजे टर्मिनल दोनला, गेटपर्यंत चालताना धडधाकट माणूस दमतो.

सगळ्यांसाठी सांगते. इंडिगोची सिंगापूरची विमानं बहुतेक एकाच पॅसेजची, तीन-तीन सीटची. सिंगापूर एअरलाइन्स मोठं, दोन पॅसेजचं विमान लावते. त्यात उठून चार पावलं फिरता येतं, टॉयलेटपण जास्त. ए-३५० असेल तर आतला हवेचा दाब साधारण ६,००० फूट उंचीवरच्या इतका ठेवतात. जुन्या विमानांत तो ८,००० फुटांच्या आसपासचा असतो. कान दुखणाऱ्यांना आणि दम्याच्या माणसाला हा फरक जाणवू शकतो. पैसे जास्त मोजायचेच तर ते यासाठी. समोरच्या स्क्रीनवरच्या सिनेमांसाठी नको.

बापू, २०४: मग सिंगापूर एअरलाइन्सच घेऊ. एकदाच जातोय.

ताई, ३०४: थांबा, आपण अंधेरीला राहत नाही, कुडाळला राहतो. आपला प्रवास घराच्या कुलपापासून मोजायचा.

मुंबईहून उडायचं तर कोकणकन्या किंवा तुतारी एक्सप्रेस. रात्री बसलो की सकाळी मुंबई. दिवाळीचं रिझर्व्हेशन ६० दिवस आधी उघडतं आणि लगेच वेटिंग लागतं. ते मिळालं असं धरू. विमान रात्री अकरा-बाराचं असेल तर अख्खा दिवस बॅगा घेऊन मुंबईत कुठे बसायचं? लॉज घ्यायचं, म्हणजे आणखी खर्च. परत येताना विमान मध्यरात्री उतरलं, तर कोकणकन्या रात्री अकराच्या सुमारास सीएसएमटीहून निघून गेलेली. मग सकाळी सातच्या सुमाराच्या मांडवीपर्यंत थांबा. हायवेने गाडी करायची तर रात्रभराचा रस्ता, आणि वेळेचा काहीच भरवसा नाही.

विमान सकाळी निघणारं आणि येताना संध्याकाळपर्यंत उतरणारं असेल, तरच मुंबईचा पर्याय आपल्याला बसतो. भाड्याच्या आधी मी वेळ बघते ती यासाठी.

वहिनी, १०२: रात्रीचं बरं ना? झोपून जाऊ, सकाळी पोचू, एक दिवस वाचेल.

ताई, ३०४: वहिनी, उड्डाण साडेपाच तासांच्या आसपासचं. त्यात जेवण येतं, उतरायच्या आधी उठवतात. झोप तीन तास. सिंगापूर आपल्यापेक्षा अडीच तास पुढे. सकाळी सात-आठला उतरलात तर हॉटेलची खोली दुपारी दोन-तीनला मिळणार. तोवर पेंगणारी मुलं आणि आबा लॉबीत. वाचलेला दिवस असा जातो. त्यापेक्षा सकाळी निघून संध्याकाळी पोचलं, जेवलं, झोपलं, की दुसऱ्या दिवशी सगळे ताजे.

दादा, ३०१: मोपाहून सरळ नाही का काही? तासा-सव्वा तासात पोचतो आपण तिथे. चिपीचा विमानतळ तर अंगणातच.

ताई, ३०४: चिपीहून देशातलीच विमानं, त्यामुळे या प्रवासासाठी ते सोडा. मोपाचं मात्र मी मनापासून सांगणार होते. इंडिगोचं मोपा-मुंबई-सिंगापूर एकाच तिकिटावर बघायला सांगा एजंटाला. रेल्वेचं वेटिंग नाही, लॉज नाही, आणि एकच पीएनआर असल्यामुळे मोपाच्या टप्प्यालाही साधारणपणे परदेशाच्या तिकिटाचंच वजन लागू होतं. तिकीट काढण्याआधी तेवढं लेखी घ्या.

एक गोष्ट डोळ्यांत तेल घालून बघायची. २५ डिसेंबर २०२५ पासून नवी मुंबईचा विमानतळपण सुरू झालाय. मोपाचं विमान तिथे उतरणारं आणि सिंगापूरचं अंधेरीहून सुटणारं, अशी जोडी नको. एकाला पनवेल जवळ, दुसऱ्याला अंधेरी. मुंबईच्या मुंबईत टी-१ आणि टी-२ सुद्धा रस्त्याने जोडलेले आहेत. म्हणून मधला वेळ चार तासांच्या खाली नको. इमिग्रेशन मुंबईतच होईल, त्याची रांग धरूनच हे सांगतेय.

बापू, २०४: आणि कोलंबोचं?

ताई, ३०४: वाईट नाही. तिकीट एकच असतं, बॅगा पुढे जातात. पण आपल्याला आधी मुंबईला जायचंच आहे, वर कोलंबोत उतरा-चढा. आबांना तीन टप्पे नकोत. तरुण जोडपं असतं तर मी हेच सुचवलं असतं.

माई, २०१: जेवणाचं कसं गो? ह्यांचा सोमवार असता. मी तर मासळी खाते, पण परदेशात काय घालतील काय माहीत.

ताई, ३०४: माई, विचारलंत ते फार बरं केलंत. फॉर्मवर 'हिंदू मील' दिसलं की लोक शाकाहारी समजून खूण करतात. त्यात चिकन, मटण, मासे असू शकतात. गोमांस आणि डुकराचं मांस तेवढं नसतं. आबांना 'एशियन व्हेजिटेरियन', तुम्हाला 'हिंदू मील'. २०४ मधल्या आजींना 'जैन मील' टाका, कांदा-लसूण नसतो. हे २४ तास आधी सांगावं लागतं, विमानात बसल्यावर बदलत नाहीत. इंडिगो घेतलं तर भाड्यात जेवण आहे की नाही ते तिकिटावर वाचून, नसेल तर आधीच भरून टाकू.

माई, २०१: आणि माझा मसालो, आगळ, खोबरा?

ताई, ३०४: मालवणी मसाला घट्ट बांधून मोठ्या बॅगेत. कोकमाच्या आगळाची बाटलीपण मोठ्याच बॅगेत, हातातल्या बॅगेत १०० मिलीच्या वर पातळ काही चालत नाही. सुक्या खोबऱ्याच्या वाट्या मात्र नकोत, हातातल्या नाही आणि चेक-इनच्याही नाही. सुक्या खोबऱ्यात तेल भरपूर, ते आपोआप तापून पेट घेऊ शकतं, म्हणून विमानवाहतुकीच्या नियमांत ते धोकादायक मालात मोडतं. स्कॅनरला दिसलं की बॅग उघडायला लावतात आणि मागची अख्खी रांग थांबते.

दादा, ३०१: बॅग हरवली तर? गेल्या वर्षी माझ्या मेहुण्याची दोन दिवसांनी आली, कोणी दाद देत नव्हतं.

ताई, ३०४: विमानतळाबाहेर पाय टाकायच्या आधी तक्रार लिहून द्यायची आणि तिचा नंबर घ्यायचा. भारत आणि सिंगापूर दोघांनाही माँट्रियल करार लागू आहे. बॅग फाटली-तुटली तर ७ दिवसांत, उशिरा मिळाली तर मिळाल्यापासून २१ दिवसांत लेखी तक्रार गेली पाहिजे. मुदत उलटली की दावा बुडाला. औषधं आणि एक कपड्यांचा जोड हातातल्या बॅगेतच ठेवा.

वहिनी, १०२: मग एजंटाला काय सांगू?

ताई, ३०४: माझं मत असं. पहिली पसंती मोपा-मुंबई-सिंगापूर एकाच तिकिटावर, दिवसा उडून संध्याकाळी पोचणारं, मध्ये चार तास. ते जमत नसेल तर सिंगापूर एअरलाइन्स मुंबईहून, पण जाताना सकाळचं आणि येताना संध्याकाळच्या आत उतरणारं असेल तरच. स्कूटला माझा विरोध नाही, चेन्नईत राहणाऱ्याने जरूर घ्यावं.

दादा, ३०१: पटलं. मोपा बघा.

आबा, २०१: मोपा बरा. घरची पेज खावन निघाक गावात.

ताई, ३०४: वहिनी, बुकिंगमध्ये एजंटाचा नाही, आपला मोबाइल आणि ईमेल घालायला सांगा. विमानाची वेळ बदलली की मेसेज तिकडे जातो. पासपोर्टच्या पहिल्या पानाचे फोटो सगळ्यांनी मला वेगळे पाठवा, ग्रुपवर टाकू नका. नाव तिकिटावर अक्षर न अक्षर पासपोर्टप्रमाणे लागतं.

वहिनी, १०२: माझ्या पासपोर्टवर माहेरचं आडनाव आहे अजून.

ताई, ३०४: मग तिकिटावरपण माहेरचंच. व्हिसाच्या अर्जातही तेच. फोटो पाठवा, मी बघून एजंटाला देते.