अ‍ॅक्युरेट आणि प्रिसाइज, दोन्हींना 'अचूक'च म्हणायचं का?

प्रश्न

एका इलेक्ट्रॉनिक वजनकाट्याची माहितीपुस्तिका मराठीत करते आहे. मूळ मजकुरात काटा 'अ‍ॅक्युरेट' आहे आणि 'प्रिसाइज'ही आहे असं म्हटलंय. मी 'अचूक व बिनचूक' लिहून मोकळी झाले. दुसऱ्या दिवशी वाचलं तेव्हा लक्षात आलं, एकच गोष्ट दोनदा सांगितली आहे. शब्दकोश उघडले तर दोन्हींपुढे तीच रांग : अचूक, नेमका, काटेकोर, तंतोतंत. बोलताना 'एकदम अ‍ॅक्युरेट' म्हटलं की भागतं, तेव्हा कुणी खोलात जात नाही. पण पुस्तिका वाचून दुकानदार माल तोलणार आहे. काय लिहू?

प्रतिसाद

हा फरक मी कॉलेजात पाठ केला होता, पण कळला तो भोसरीच्या एका छोट्या वर्कशॉपमध्ये. मी नवखा, इन्स्पेक्शनला. २५ मिलिमीटर व्यासाच्या शाफ्टचं काम होतं, टॉलरन्स, म्हणजे चालून जाणारा फरक, अधिक-उणे ०.०२. लेथवर जे काका होते त्यांचा हात इतका बसलेला की कुठलाही जॉब, म्हणजे कातलेला नग, उचला, व्हर्निअर (जबड्यांत धरून व्यास मोजायचं साधन) लावा, २५.००. पहिला, पाचवा, विसावा, सगळे २५.००. मीही त्याच व्हर्निअरने तपासले आणि ओके करून पाठवले. सगळा लॉट परत आला. गिऱ्हाइकाकडे माप भरलं होतं २४.९४.

आम्ही व्हर्निअरचे जबडे पुसले आणि पूर्ण मिटवले. शून्य यायला हवं तिथे ०.०६ दिसत होतं. म्हणजे आमचं २५.०० हे मुळात २४.९४ होतं. माल मायनसमध्ये गेला. प्लसमध्ये असता तर एक बारीक कट मारून वाचवता आला असता, मायनसला उपाय नाही. तीसच्या तीस जॉब भंगारात टाकले. काका त्या दिवशी जेवले नाहीत, ते मला अजून आठवतं, कारण त्यांची काहीच चूक नव्हती. मिटवलेल्या व्हर्निअरवर नजर टाकायचं काम माझं होतं.

काकांचं काम प्रिसाइज होतं : दर वेळी तेच माप, हात तसूभर इकडेतिकडे नाही. पण अ‍ॅक्युरेट नव्हतं, कारण ते माप खरं नव्हतं. याच्या उलटही होतं. एकाच जॉबवर कुणी २४.९६, २५.०४, २५.०० अशी मापं घेतली तर सरासरी बरोब्बर २५ येते, पण एकेका मापावर विसंबता येत नाही.

आता शब्दांकडे. 'अचूक'मध्ये 'चूक' बसलेली आहे, म्हणजे तुलना खऱ्याशी आहे. म्हणून अ‍ॅक्युरेटला 'अचूक' चपखल बसतो. हा इंग्रजी शब्द लॅटिनमधल्या काळजी घेण्याच्या अर्थाच्या शब्दावरून आला; क्युरेटरमधला 'क्युअर' तोच. मूळ अर्थ निगुतीने केलेलं. 'निगुतीने' हा शब्द आपण आजी-आईच्या स्वयंपाकापुरता ठेवलाय, पण यंत्रावर काम करणाऱ्यालाही तो तितकाच शोभतो. 'प्रिसाइज'चं मूळ कापण्यात आहे, नको ते छाटून उरलेलं. त्यामुळे भाषेबद्दल बोलताना प्रिसाइज म्हणजे 'नेमका' : नेमकं बोला, नेमकी मागणी काय ती सांगा. मोजमापात मात्र 'नेमका' हा शब्द पुरत नाही. तिथे प्रश्न असतो, पुन्हा मोजलं तर तेच येतं का?

एक गुंता आणखी. आयएसओ ५७२५ या मोजमापाबद्दलच्या १९९४ च्या आंतरराष्ट्रीय मानकात 'अ‍ॅक्युरसी' हा मोठा शब्द धरला आहे आणि खरेपणा व प्रिसिजन दोन्ही त्याच्या पोटात घातलेत. तिथल्या अर्थाने काकांचं माप 'खरं नाही, पण प्रिसाइज' असं म्हणावं लागेल. तुमच्या पुस्तिकेत दोन शब्द शेजारी-शेजारी आलेत, म्हणजे लिहिणाऱ्याने शाळेतला जुना अर्थच धरला आहे. त्यात अडकू नका.

एनसीईआरटीच्या हिंदी भौतिकशास्त्रात 'यथार्थता' आणि 'परिशुद्धता' अशी जोडी वापरली आहे. हिंदीत ती रुळली असेल, पण मराठी कानाला 'परिशुद्ध' म्हटलं की तूप किंवा सोनं आठवतं. मी तरी तो शब्द घेणार नाही.

प्रतिसाद

मी महसूल खात्यात नकला काढण्यात आयुष्य घालवलं, म्हणून तुमच्या रांगेतल्या 'तंतोतंत'बद्दल, म्हणजे 'एक्झॅक्ट'बद्दल, थोडं लिहिते. आमच्याकडे कागदाच्या तळाशी लिहायची पद्धत होती : 'अस्सल बरहुकूम नक्कल', म्हणजे मूळ कागदाप्रमाणे नक्कल. अस्सलात शाईचा डाग पडून अक्षर गेलं असेल तर नकलेत ती जागा कोरी सोडायची, मनाने भरायची नाही. अस्सलात नाव चुकीचं असेल तर नकलेतही तेच चुकीचं नाव. म्हणजे नक्कल तंतोतंत असते, अचूक असेलच असं नाही. 'तंतोतंत'मध्ये तंतूला तंतू जुळतो आहे, 'हुबेहूब' फारसीतून आलेला. दोन्हींना समोर दुसरी वस्तू लागते. काट्यासमोर अशी दुसरी वस्तू नाही, म्हणून पुस्तिकेत 'तंतोतंत' नको.

'काटेकोर' माणसाच्या वागण्याला लागतो. हिशेबाला काटेकोर, वेळेला काटेकोर, नियमांचं काटेकोर पालन. वजनकाट्याला काटेकोर म्हटलं तर तो स्वभावाने कडक आहे असं वाटतं. तोलण्यासाठी जुना शब्द आहे 'काटेतोल'. सराफाच्या छोट्या तराजूला काटाच म्हणतात, त्यावर तोललेलं ते काटेतोल. आठ गुंजांचा मासा आणि बारा माशांचा तोळा असं मोजणाऱ्यांना गुंजेचाही हिशेब द्यावा लागे, तिथला हा शब्द आहे. पण तो वजनाला लागतो, यंत्राला नाही.

आणि एक सांगू का, 'नेमका' वापरताना जरा जपून. 'नेमका तेव्हाच पाऊस आला' यात मापाचा काही संबंध नाही, त्यात हळहळ आहे. 'नक्की'चंही तसंच : 'नक्की ये' म्हणजे खात्रीने ये, पण 'नक्की काय झालं?' म्हणजे तपशील सांग. हल्ली मुलं दर दोन वाक्यांमागे 'एक्झॅक्टली' म्हणतात, तिथे बहुतेक वेळा त्यांना फक्त 'अगदी!' किंवा 'तेच तर म्हणतेय मी' म्हणायचं असतं.

प्रतिसाद

पुन्हा मोजलं तरी तेच, याला 'नेमका' पुरत नाही असं वर वाचलं, पण दुसरा शब्द कुणी सुचवला नाही, म्हणून राहवलं नाही. क्रिकेटच्या मराठी वर्णनात तो रोज येतो : टिच्चून! नाशिकचे बापू नाडकर्णी आठवा. जानेवारी १९६४, मद्रास कसोटी, समोर इंग्लंड. ३२ षटकं, २७ निर्धाव, ५ धावा. सलग २१ षटकं निर्धाव, ओळीने १३१ चेंडूंवर एकही धाव नाही. सरावाला खेळपट्टीवर नाणं ठेवून त्यावरच चेंडू टाकायचे, असं त्यांच्याबद्दल सांगतात. त्या डावात बळी एकही मिळाला नाही, पण टप्पा ढळला नाही. आपण त्याला 'अचूक टप्पा' म्हणतो खरं, पण मनात असतो तो प्रत्येक चेंडूचा सारखेपणा. हा प्रिसिजनच झाला. म्हणून 'टिच्चून मारा' हे त्याचं अस्सल मराठी रूप आहे असं मला मनापासून वाटतं.

प्रतिसाद

नाडकर्णींचं उदाहरण लेथवरच्या काकांना अगदी लागू पडतं, वाचून बरं वाटलं. पण 'टिच्चून'मध्ये जिद्द आहे, समोर कुणीतरी हटवायला बसलंय आणि आपण हटत नाही असा भाव आहे. काटा टिच्चून मोजत नाही, काका मोजायचे. यंत्रासाठी एकच नाम हवं असा हट्ट सोडला तर वाट मोकळी होते. आपल्याकडे गवंडीसुद्धा 'भिंत अ‍ॅक्युरेट आहे' म्हणत नाही. तो म्हणतो ओळंब्यात आहे (उभी सरळ), गुण्यात आहे (कोपरा काटकोनात). कशाशी ताडून बघितलं ते शब्दातच सांगतो. सुतार 'दोन सूत कमी कर' म्हणतो, म्हणजे पाव इंच, आणि ऐकणारा त्याच मापाने रंधा चालवतो. पुस्तिकेतही विशेषणं गाळून काटा काय करतो तेच सांगा.

मूळ प्रश्नकर्ती

सगळ्यांचे आभार. 'अचूक व बिनचूक' खोडलं. 'तंतोतंत' आणि 'परिशुद्ध' मनात होते, तेही सोडले. आता वाक्य असं आहे : 'हा काटा खरं वजन दाखवतो, आणि तीच वस्तू पुन्हा-पुन्हा ठेवली तरी आकडा बदलत नाही.' त्याच्या खाली, मूळ पुस्तिकेत चार पानं पुढे असलेली एक सूचना उचलून आणली : 'तोलण्यापूर्वी रिकाम्या ताटलीवर शून्य दिसतं आहे ना, ते पाहा.' ती ठळक अक्षरांत छापा असं कंपनीला कळवलं आहे.